मुलाचे नाव आणि परक्याचा कान

स्नानसंस्कारासाठी बालकाला चर्चमध्ये आणले जाते, तेव्हा धर्मगुरू मातापित्यांना पहिला प्रश्न विचारतात तो नावाचा. ख्रिस्तसभेकडे आपण काय मागता, हा प्रश्न त्यानंतरचा. विधीतील हा क्रम विचार करण्याजोगा आहे. बालक अजून काही मागू शकत नाही, बोलू शकत नाही. परंतु त्याला हाक मारता आली पाहिजे, याची व्यवस्था सर्वांत आधी होते. ज्याला आयुष्यभर त्या हाकेला ओ द्यायची आहे, त्याचे मत मात्र कोणी विचारलेले नसते. जगात माणसाला मिळणारी ही पहिली देणगी. ती स्वीकारावी की नाकारावी, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नसतो. म्हणूनच नामकरण हा कौतुकाचा विषय असला, तरी तो नीतीचाही विषय आहे असे आम्हांला वाटते.

आपल्या आजोबांच्या काळी निवड सोपी होती. आजा-आजीचे नाव ठेवावे, नाही तर त्या दिवशी ज्या संताचा सण असेल त्याचे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने धर्मगुरूंना तसे बजावलेच होते: बालकाला ख्रिस्ती नाव दिले जाईल हे पाहावे, आणि आईवडील ऐकत नसतील, तर त्यांच्या पसंतीच्या नावाला एका संताचे नाव जोडून नोंदवहीत दोन्ही लिहावीत. १९८३ च्या नव्या संहितेने ही अट सैल केली. ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये, एवढेच ती सांगते. त्यामुळे स्नेहा, विनय, शांती, आशिष ही नावे आज निःसंकोचपणे स्नानसंस्काराच्या नोंदवहीत उतरतात, आणि ते योग्यच आहे.

परंतु दार उघडले की वाराही आत येतो. आपली मुले आता आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात नोकरीधंद्यासाठी स्थायिक होत आहेत. नातवाचे नाव वसईत सुचते आणि हाक परदेशातल्या शाळेत मारली जाते. अशा वेळी घराघरांतून एक नवी शंका ऐकू येते. नाव आपल्या भाषेत गोड आहे, अर्थही चांगला आहे. पण परक्या भाषेत त्याचा भलताच अर्थ होत असेल तर? आपण प्रेमाने दिलेले नाव उद्या मुलाच्या वाट्याला चेष्टा होऊन तर येणार नाही ना? शंका क्षुल्लक वाटते. परंतु तिच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. नाव देताना परक्याच्या कानाचा विचार करण्यास आपण बांधलेले आहोत काय, आणि असलो तर कुठवर?

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की भाषांच्या या खोड्या खऱ्या आहेत, आणि त्या शोधण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचेही कारण नाही. अब्राहामाची पत्नी सारा हिच्या नावाचा हिब्रू अर्थ राजकन्या. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात सारा म्हणजे जमिनीवरचा कर. जिना हे इटालियन वळणाचे नाव आपण मुलीला देतो, आणि मराठीत जिना म्हणजे वर जाण्याच्या पायऱ्या. गोव्यात अनेक स्त्रियांचे नाव कोंसेसांव असते. पोर्तुगीज भाषेत ते ८ डिसेंबरच्या, म्हणजे मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाचे नाव. तेच इंग्रजीत शब्दशः नेले, तर केवळ ‘गर्भधारणा’ एवढाच अर्थ उरतो. वचनदत्त भूमीची टेहळणी करून आलेला श्रद्धावान कालेब आपल्या परिचयाचा आहे. आज हे नाव इंग्रजी वळणाने ठेवले जाते, आणि अरबीत ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा असल्यामुळे आखातात ते ऐकणाऱ्याच्या कानाला अडखळते. आपला आशिष इंग्रजी बोलणाऱ्या देशात गेला की मित्र त्याचे नाव तोडून ‘ॲश’ करतात, आणि आशीर्वादाची राख होते. अर्थात राखेच्या बुधवारी जी राख आपण श्रद्धेने कपाळी लावून घेतो, तिची लाज ख्रिस्ती माणसाने फारशी बाळगू नये, हेही खरे.

सर्वांत बोलके उदाहरण ‘गिफ्ट’ या नावाचे. आफ्रिकेतील इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ख्रिस्ती आईवडील आपल्या मुलाला हे नाव आवडीने देतात, कारण मूल ही देवाची देणगी. हाच शब्द जर्मन भाषेत मात्र विष या अर्थाचा आहे. विशेष असे, की दोन्ही शब्दांचे मूळ एकच: ‘जे दिले जाते ते’. एका भाषेत देणे हे दान राहिले, दुसरीत ते विषाचा पेला झाले. आपण मुलाला जे नाव देतो त्याचेही असे दोन्ही होऊ शकते.

एका भाषेच्या आतदेखील अर्थ स्थिर नसतो. मराठीत आईची माया म्हणजे वात्सल्य. वेदान्तात माया म्हणजे भ्रम. मराठी माणूस अस्मिता हा शब्द अभिमानाने उच्चारतो; पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे. आपल्या उष्ण प्रदेशात शीतल हे नाव सुखद वाटते. थंडीने गारठणाऱ्या देशांत मायेला ऊब म्हणतात आणि थंडपणा हे प्रेमशून्य मनाचे लक्षण मानतात. उलट कधी कधी योगायोग कृपाळूही असतो. संस्कृतात समीर म्हणजे वाऱ्याची झुळूक. अरबीत तोच उच्चार रात्रीच्या गप्पागोष्टींतील सोबत्यासाठी वापरतात.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. एक पक्ष म्हणतो की मूल आमचे, भाषा आमची, नाव आमचे. जगाला काय वाटेल याची आम्हांला पर्वा नाही. या बोलण्यात स्वाभिमान आहे, पण एक चूकही आहे. नाव आईवडील देतात, मात्र वाहायचे असते मुलाने. जे ओझे आपण स्वतः उचलणार नाही, ते दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवताना अधिक काळजी घ्यावी लागते. मुलाचे आपण मालक नसून राखणदार आहोत, ही ख्रिस्तसभेची शिकवण नावालाही लागू पडते.

उत्पत्तीच्या पुस्तकात, पस्तिसाव्या अध्यायात, याचा एक हृदयद्रावक दाखला आहे. राहेल प्रसूतीच्या वेदनांत प्राण सोडताना बाळाचे नाव बेनओनी ठेवते: माझ्या दुःखाचा पुत्र. मरणाऱ्या मातेची ती अखेरची इच्छा. याकोबाचे राहेलवर किती प्रेम होते हे आपण जाणतो. तिच्यासाठी त्याने चौदा वर्षे चाकरी केली होती. तरीही तो ते नाव राहू देत नाही. तो बाळाला बन्यामीन म्हणतो, उजव्या हाताचा पुत्र. पत्नीचे दुःख त्याने नाकारले नाही. तिच्या कबरेवर त्याने स्मारकस्तंभ उभारला. परंतु दुःखाची आठवण दगडावर कोरावी, लेकराच्या अंगावर कोरू नये, एवढा विवेक त्याला होता. प्रत्येक हाकेत ज्याला आईचा मृत्यू ऐकावा लागेल, असे मूल त्याने होऊ दिले नाही.

परक्या कानाचा विचारही पवित्र शास्त्राला नवीन नाही. संत पौलाचे यहुदी नाव शौल. पश्चात्तापानंतर देवाने त्याचे नाव बदलले असे आपण अनेकदा ऐकतो. प्रेषितांच्या कृत्यांत मात्र तसे कोठे म्हटलेले नाही. तेराव्या अध्यायात, सायप्रस बेटावर, रोमी अधिकारी सर्ग्य पौल याच्यासमोर तो उभा राहतो, तेव्हा शौल ज्याला पौलही म्हणत, एवढाच उल्लेख येतो, आणि तेथून पुढे लेखक त्याला पौल म्हणू लागतो. ग्रीक भाषेत ‘साउलोस’ हे विशेषण नखऱ्याने ठुमकत चालणाऱ्यासाठी होते. ग्रीक बोलणाऱ्या नगरांत सुवार्ता घेऊन जाणाऱ्याला हे नाव अडचणीचे झाले असावे, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. ते खरे असेल, तर पौलाने त्या नावासाठी हट्ट धरला नाही. लॅटिनमध्ये पौल म्हणजे लहान. ते साधे नाव घेऊन तो जगभर हिंडला. ऐकणाऱ्याचे लक्ष नावावर अडकू नये, संदेशाकडे जावे, हाही प्रेमाचाच एक प्रकार.

परंतु याच पौलाच्या कथेत दुसरी बाजूही आहे. दमास्कसच्या वाटेवर प्रभूने त्याला हाक मारली ती शौल या नावाने, आणि सव्विसाव्या अध्यायात पौल स्वतः सांगतो की ती वाणी हिब्रू भाषेत होती. ग्रीकांच्या कानाला जे नाव चमत्कारिक वाटले असेल, त्याच घरच्या नावाने प्रभूने त्याला बोलावले. बाजारातील कानाला काय वाटते याचा विचार पौलाने करावा. प्रभूला तो करावा लागला नाही.

येथून आपण दुसऱ्या पक्षाकडे येतो. हा पक्ष भित्रा आहे. जगातील एकाही भाषेत खटकणार नाही असे नाव तो शोधत बसतो. अशा शोधाला अंत नाही, कारण जगात हजारो भाषा आहेत आणि माणसाच्या तोंडात उच्चार थोडे. किंबहुना ही कसोटी लावली, तर आपल्याला सर्वांत प्रिय असलेले नावच आधी गळून पडेल. मराठीत ‘मरी’ म्हणजे पटकी, महामारी. मरीआईच्या नावाने गावेच्या गावे एकेकाळी कापत असत. त्याच मातीत, त्याच भाषेत, आपल्या पूर्वजांनी प्रभूच्या मातेला मरिया म्हटले. १६१६ साली छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे मराठीचे मर्म जाणणारे पुरुष. तिला दुसरे सोयीचे नाव द्यावे असे त्यांनाही वाटले नाही. पाच रहस्यांच्या एका जपमाळेत आपण त्रेपन्न वेळा नमो मरिया म्हणतो. त्यांतल्या एकाही मण्याला कोणाला साथ आठवते काय? पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओठांनी ते नाव धुऊन निघाले आहे. मूळ हिब्रूतही या नावाच्या अर्थाविषयी एकमत नाही. संत जेरोम यांच्या परंपरेतून आलेला ‘सागराचा थेंब’ हा लॅटिन अर्थ नकला करणाऱ्यांच्या हाती एका अक्षराने बदलून ‘सागराचा तारा’ झाला, असे विद्वान मानतात. लेखणी घसरली, आणि ख्रिस्ती खलाशांना दीपस्तंभ मिळाला.

आपल्या आडनावांचेही तसेच. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना स्नानसंस्काराबरोबर जी आडनावे आपल्याकडे आली, त्यांचे अर्थ आपण कधी पाहिले नाहीत. लोबो म्हणजे लांडगा, कोएल्हो म्हणजे ससा, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, परेरा म्हणजे नासपतीचे झाड. आपले हिंदू शेजारी लांडगे आणि कुऱ्हाडे ही आडनावे आनंदाने लावतात. नकळत आपणही तीच लावतो. लोबो घराण्यातील एखादा परोपकारी वृद्ध वारला, तर त्याच्या आडनावात कोणाला लांडगा दिसत नाही. दिसते ती त्याची माणुसकी.

याच्या नेमकी उलट गोष्ट यहूदाची. या नावाचा अर्थ स्तुती. लेआने चौथ्या मुलाच्या जन्मानंतर परमेश्वराची स्तुती करून ते ठेवले. इतके सुंदर नाव, आणि आज आपल्या ख्रिस्ती घरांत ते सहसा ठेवले जात नाही. वास्तविक बारा प्रेषितांत त्याच नावाचा आणखी एक जण होता. त्याच्या मध्यस्थीची आपण याचना करतो ती संत ज्यूड म्हणून, जणू नावाचा उच्चार थोडा वळवून त्याला त्या सावलीतून बाहेर काढले आहे. शब्दकोशातील अर्थ उत्तम असूनही एका माणसाच्या कृत्याने नाव काळवंडले. तेव्हा नावाला अर्थ भाषा देते हे खरे. पण अखेरचा अर्थ देतो तो ते वाहणारा माणूस.

मग नावाच्या बाबतीत खरा अपराध कोणता? त्यासाठी परक्या भाषेत जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रात मुले जगत नसत, तेव्हा आईवडील दगडू, धोंडू, केरबा अशी नावे ठेवीत. शब्द ओबडधोबड, परंतु त्यामागे मूल वाचावे ही आकांत करणारी माया होती. याच महाराष्ट्रात मुलींना नकुसा, नकोशी अशी नावेही दिली गेली. मुलगी नको होती, आता तरी मुलगा होऊ दे, एवढाच त्यांचा अर्थ. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नकुसा या शब्दाला परक्या भाषेत काही वाईट अर्थ नाही. कदाचित कोठे तो मधुरही वाटेल. पण जिला तो वाहावा लागला, तिला त्याचा अर्थ पुरता कळत होता. शाळेत हजेरी घेताना रोज तिला सांगितले जात होते की तू नको होतीस.

येथे पोर्तुगीज आणि स्पॅनिश परंपरेतील डोलोरेस या नावाशी तुलना करून पाहावी. त्याचाही अर्थ दुःखे असाच आहे. परंतु ती दुःखे व्याकुळ मातेची, क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या मरियेची. त्या नावाने मुलीला मरियेच्या पदराखाली ठेवले जाते. नकुसा या नावाने मुलगीच दुःखाचे कारण ठरविली जाते. दोन्ही नावांत दुःख आहे. एकात प्रेम आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढाच फरक आहे, आणि तोच सर्व काही आहे.

यावरून आम्हांला जे सुचते ते असे. नाव ठरविण्यापूर्वी मातापित्यांनी आणि धर्ममातापित्यांनी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. पहिली, हे मूल बहुधा कोणत्या भाषांच्या शेजारात वाढणार आहे? सर्व जगाचे शब्दकोश पालथे घालण्याचे बंधन कोणावर नाही. परंतु ज्या देशात बाप नोकरी करतो आणि ज्या भाषेच्या शाळेत मूल बसणार आहे, तेथील एखाद्या परिचिताला विचारणे हे कर्तव्यच मानले पाहिजे. दुसरी, तेथे ते नाव केवळ अपरिचित वाटते, गमतीचे वाटते, की अपमानास्पद? अपरिचितपणाची तमा बाळगू नये; हसू एक-दोन दिवसांत विरते. परंतु त्या भाषेतील सभ्य घरात जो शब्द उच्चारत नाहीत, तो आपल्या लेकराच्या कपाळी लिहू नये. तिसरी, हे नाव आपल्याला का आवडते? आजीचे आहे, संताचे आहे, नवसाचे आहे, तर थोडी अडचण सोसूनही ते ठेवावे, आणि मूल जाणते झाले की त्या नावाची कथा त्याला सांगावी. ज्याला आपल्या नावाची कथा ठाऊक आहे, तो चेष्टेने सहसा खचत नाही. परंतु केवळ कानाला परदेशी आणि ऐटदार वाटते म्हणून, अर्थही न विचारता उचललेले नाव असेल, तर त्यासाठी मुलाने काही सोसावे असे त्यात काही नाही. शिवाय दोन नावे देण्याची आपली जुनी रीत आहेच. नोंदवहीत आजीचे नाव राहील आणि शाळेत दुसरे चालेल.

तथापि मातापित्यांवर सगळी जबाबदारी टाकून मोकळे होणे हा अर्धाच न्याय होईल. नाव चेष्टेचा विषय होते ते कोणीतरी चेष्टा करतो म्हणून. आज आपण परक्याच्या कानाची चिंता करतो. पण कित्येकांसाठी आपणच परके आहोत, आणि आपला कान कसा आहे? आपल्या शेजारच्या डोंगरपट्टीतील आदिवासी घरांत ज्या वारी मूल जन्मले त्या वारावरून नाव ठेवण्याची रीत आहे: सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्री. आपल्या शाळांतून या नावांना मुले हसतात, आणि कधी कधी मोठी माणसेही. आपल्या वाडवडिलांत किती दुमिंग होऊन गेले! पोर्तुगीज भाषेत दुमिंग म्हणजे रविवार, प्रभूचा दिवस. आपला दुमिंग आणि त्यांचा बुध्या ही एकाच आठवड्याची लेकरे आहेत. परप्रांतातून आपल्या धर्मग्रामात राहावयास आलेल्या कुटुंबांची नावेही आपण अशीच वाकडी करून उच्चारतो. आपल्या भावाला मूर्ख म्हणणाऱ्याविषयी प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, किती कठोर इशारा दिला आहे! भावाच्या नावालाच शिवी करणारा त्यातून सुटेल असे आम्हांला वाटत नाही. नाव नीट विचारून घेणे, ते नीट उच्चारण्याचा प्रयत्न करणे, हा शेजारधर्माचा पहिला धडा आहे, आणि तो घरातच शिकवावा लागतो.

पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेजवळ मरिया माग्दालिया रडत उभी होती. समोर उभ्या असलेल्या प्रभूला तिने माळी समजले. त्याने तिला केवळ तिच्या नावाने हाक मारली, आणि तिने त्याला ओळखले. त्या नावाचा अर्थ कडू की गोड, थेंब की तारा, हा विचार तेव्हा तिच्या मनाला शिवलाही नसेल. आजवर त्या नावाने इतक्या प्रेमाने कोणी हाक मारली होती ते तिला आठवले. आपण आपल्या बाळासाठी नाव निवडताना शब्दकोश जरूर पाहावा, परदेशातील आप्तांना जरूर विचारावे. त्यानंतर मात्र निर्धास्त मनाने ते नाव धर्मगुरूंना सांगावे, आणि घरी परतल्यावर दिवसातून अनेकदा अशा आवाजात उच्चारावे, की पुढे कोणी कोणत्याही भाषेत त्याची थट्टा केली, तरी मुलाच्या कानात आधी आपला आवाज असेल.